गादीवाफ्यावरची थंडी कोणाच्या खाती?

शेतीच्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे बहुधा पीक उभे राहिल्यानंतर सुरू होते. भाव, बाजार समिती, कर्ज, निर्यातबंदी, दुष्काळ, गारपीट हे विषय सभांत आणि ठरावांत येतात, आणि ते यायलाच हवेत. परंतु भाजीपाला पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याचे वर्ष पुष्कळदा त्याआधीच, एक-दीड गुंठ्याच्या गादीवाफ्यावर, रोप वीतभरही उंच झालेले नसताना ठरून जाते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्या वाफ्यावर जे घडते त्याची नोंद महसुलाच्या दप्तरात होत नाही, विम्याच्या कागदात होत नाही, आणि खरे सांगायचे तर शेतकरी-शेतमजुरांच्या चळवळीच्या टिपणातही होत नाही. थंडी निसर्गाची आहे हे मान्य; पण तिच्यामुळे होणारे नुकसान कोणी सोसायचे हे निसर्ग ठरवीत नाही. ते धोरणाने ठरते, आणि म्हणूनच तो राजकारणाचा विषय आहे.

हा विषय फार किरकोळ आहे, तो कृषी सहायकाच्या पत्रकात शोभेल, राजकीय साप्ताहिकात नव्हे, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १.३४ हेक्टरवर आले होते. एवढ्या जमिनीवर कुटुंब जगवायचे तर ज्वारी-बाजरीवर भागत नाही. विहिरीला जेमतेम पाणी असलेला शेतकरी टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, कांदा यांच्याकडे वळतो. भाजीपाला ही आज हौशी बागायतदाराची शेती राहिलेली नाही. ती अल्पभूधारकाची रोकड आहे. त्या रोकडीचा पहिला हप्ता बियाण्यात आणि रोपांत गुंतलेला असतो, आणि तोच सर्वांत उघडा असतो.

थंडी रोपाला काय करते

टोमॅटो आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातील पिके. वांगे आपल्या उपखंडातले. काकडी, दोडका, कारले ही वेलवर्गीय पिकेही उबदार हवेतली. कोबी, वाटाणा, गहू यांना जी थंडी मानवते ती या पिकांना मानवत नाही. पाणी गोठेपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नसते. पारा दहा-बारा अंशांच्या खाली काही रात्री सलग राहिला की या रोपांची वाढ खुंटते, आणि त्याहून खाली गेला की इजा होऊ लागते.

ही इजा कशी होते हे समजण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते आणि करडईचे तेल पातळच राहते, हे प्रत्येक घरात दिसते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचे अत्यंत पातळ पटल असते. उबदार प्रदेशातल्या वनस्पतींत ते थंडीने खोबरेलासारखे ताठरते. मग त्यातून क्षार पाझरू लागतात आणि पेशीतील कामे विसकटतात. दुसरे असे की थंड मातीत मुळे पाणी ओढू शकत नाहीत. सकाळी ऊन पडते, पाने बाष्प सोडू लागतात, मुळांकडून पुरवठा येत नाही, आणि वाफ्यात भरपूर ओल असूनही रोप माना टाकते. अशा वेळी शेतकरी पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी देतो, आणि मर रोगाच्या बुरशीचे फावते. स्फुरद जमिनीत असूनही मुळांना उचलता येत नाही; पानांची मागील बाजू जांभळी पडते. दुकानदार खताची आणखी एक पुडी देतो. दुखणे थंडीचे असते आणि खर्च खतावर होतो.

कांद्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. कांद्याचे रोप थंडी सोसते; पण वय झालेले जाड रोप दीर्घकाळ थंडीत राहिले तर ते गाठ पोसण्याऐवजी फुलोऱ्याकडे वळते व शेतात डेंगळे उभे राहतात. म्हणजे डिसेंबरात पाणी, वीज किंवा मजूर वेळेवर न मिळाल्यामुळे लागवड लांबली, तर तिचे फळ एप्रिलमध्ये बिनभावाच्या कांद्याच्या रूपाने दिसते. रोपवाटिकेतील चुकांची आणि अडचणींची वसुली अशी चार महिन्यांनी होते, म्हणून त्यांचा परस्परसंबंध सहसा कोणी लावीत नाही.

जाणते उपाय

या नुकसानीवर उपाय नाहीत असे मुळीच नाही. बरेचसे उपाय स्वस्त आहेत आणि अनेक शेतकरी कुटुंबांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. वाफा उंच आणि दक्षिणेकडून ऊन मिळेल अशा जागी करावा. उत्तरेच्या व पूर्वेच्या वाऱ्याला तुऱ्हाट्यांचा किंवा मक्याच्या ताटांचा आडोसा द्यावा. बी पेरल्यावर वाफ्यावर पाचट किंवा भाताचा पेंढा अंथरावा व उगवण दिसताच तो काढून घ्यावा. बांबूच्या कामट्यांच्या किंवा जाड तारेच्या कमानी रोवून त्यांवर संध्याकाळी प्लास्टिकचा कागद, न विणलेल्या कापडाचे आच्छादन किंवा साधे गोणपाट टाकावे. या बुटक्या बोगद्यात बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांची ऊब टिकते, आणि आठ अंश व अकरा अंश यांतील फरक मिरचीच्या रोपाला जीवनमरणाचा असू शकतो. सकाळी ऊन वर आले की आच्छादन उघडलेच पाहिजे. नाहीतर आतली वाफ बुरशीला पोसते आणि दुपारच्या उन्हात रोपे उकडतात.

संध्याकाळी दिलेले हलके पाणीही उपयोगी पडते, कारण ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा अधिक साठविते व रात्रभर सावकाश सोडते. शेकोटीचा धूर हा जुना उपाय आहे, पण त्याचा आधार मर्यादित आहे. वाऱ्याची झुळूक आली की धूर शेजाऱ्याच्या शेतात जातो. उन्हाळ्यात उपयोगी पडणारे शेडनेटही थंडीत एकट्याने पुरे पडत नाही.

याशिवाय एक उपाय असा आहे की ज्याला पैसा जवळजवळ लागत नाही, फक्त समज लागते. पुनर्लागवडीपूर्वी सात ते दहा दिवस रोपांचे पाणी हळूहळू कमी करणे, नत्राचा हात आखडणे आणि आच्छादन दररोज थोडे अधिक वेळ उघडे ठेवणे, यालाच रोपे काटक करणे म्हणतात. या दिवसांत रोपाच्या पेशींत शर्करा आणि तत्सम संरक्षक द्रव्ये साठतात, पटलातील मेदाची घडण बदलते, पान जाड होते आणि खोड टणक होते. असे रोप शेतात गेल्यावर तीच थंडी अधिक सोसते. उलट युरियाच्या जोरावर लुसलुशीत, गडद हिरवे झालेले रोप विकताना डोळ्यांत भरते व पहिल्याच थंड रात्री झोपते.

सॅलिसिलिक आम्लासारख्या द्रव्यांच्या अत्यंत सौम्य फवारणीने टोमॅटो व काकडीच्या रोपांची थंडी सोसण्याची शक्ती वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. परंतु मात्रा चुकली तर तेच द्रव्य अपाय करते. बाजारात मात्र 'थंडीवरचे टॉनिक' म्हणून चकचकीत बाटल्या विकल्या जातात व आत काय आहे याचा पत्ता ग्राहकाला नसतो. अशा जैवउत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणण्याचे पाऊल केंद्र सरकारने २०२१ मध्ये उचलले. त्याआधीची कित्येक वर्षे हा व्यापार जवळजवळ मोकाट होता, ही गोष्ट शेतकऱ्याच्या अज्ञानावर बोट ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

येथे एका गैरसमजाची दखल घेणे जरूर आहे. 'काटक करणे' हा शब्द राज्यकर्त्यांना फार आवडतो. शेतकऱ्याने स्वावलंबी व्हावे, अनुदानाची सवय सोडावी, संकटे सोसून कणखर व्हावे, अशी प्रवचने आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. रोपवाटिकेचे शास्त्र वेगळेच सांगते. रोप काटक होते ते ताण क्रमाक्रमाने आला आणि त्याच्या अंगात अन्नाचा साठा असला तरच. उपाशी, पिवळे पडलेले, दाटीत वाढलेले रोप एकाएकी थंडीत उघडे टाकले तर ते काटक होत नाही, मरते. ज्यांच्या घरात एका हंगामाचाही साठा नाही त्यांना जोखीम पत्करण्याचा उपदेश करणाऱ्यांनी निदान वनस्पतिशास्त्राचा तरी आधार घेऊ नये.

मोजमापाचे राजकारण

उपाय ठाऊक असूनही नुकसान का होते? पहिले कारण असे की धोक्याची सूचना ज्या मापाने दिली जाते ते माप रोपासाठी तयार केलेले नाही. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी उतरले असेल, तर 'थंडीची लाट' म्हणतात. प्रत्यक्ष पारा ४ अंश किंवा त्याखाली गेला तरी लाट मानतात. आता नाशिकसारख्या ठिकाणी जानेवारीतील सरासरी किमान तापमानच दहा अंशांच्या आसपास असते. तेथे आठवडाभर पारा सात अंशांवर राहिला तर व्याख्येनुसार ती लाट ठरत नाही. वर्तमानपत्रात तिचा उल्लेख 'गुलाबी थंडी' असा होतो. मिरचीच्या वाफ्यावर मात्र तोवर उगवण थांबलेली असते.

दुसरी गोष्ट उंचीची. तापमापी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत असते. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, थंड हवा जड असल्यामुळे खाली साचते, आणि भूपृष्ठालगतचे तापमान पेटीतल्या तापमानापेक्षा काही अंशांनी खाली असू शकते. निफाडच्या कुंदेवाडी येथील कृषी संशोधन केंद्रात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या येतात. त्या रात्री खोलगट शेतातील वाफ्यावर, बोटभर उंचीच्या रोपाच्या पानाशी, त्याहूनही कमी तापमान असते. दवबिंदू गोठतात ते यामुळेच. नोंद माणसाच्या छातीच्या उंचीवर होते आणि नुकसान त्याच्या घोट्याशी होते.

राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु आकडा गोळा करणे आणि तो शेतकऱ्याच्या भाषेत, त्याच्या पिकाच्या संदर्भात पोहोचविणे ही दोन वेगळी कामे आहेत. हे दुसरे काम करण्यासाठी २०१८ पासून देशात कृषी विज्ञान केंद्रांच्या आधाराने १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू झाली होती. तालुकावार सल्ला देणारी ही माणसे होती. २०२४ मध्ये ती केंद्रे बंद करण्यात आली. यंत्राने काढलेला आकडा माणसाची जागा घेऊ शकेल अशी समजूत या निर्णयामागे असेल, तर ती समजूत कधी रोपवाटिकेत गेलेली नाही. 'किमान तापमान आठ अंश' हा संदेश आणि 'आज संध्याकाळी मिरचीचे वाफे झाका, सकाळी नऊनंतर उघडा, दोन दिवस युरिया देऊ नका' हा संदेश, या दोहोंत जे अंतर आहे ते भरून काढण्यासाठी तालुका ओळखणारा मनुष्य लागतो.

पाण्याच्या बाबतीतही हेच. संध्याकाळी हलके पाणी द्या, असे पत्रक सांगते. शेतीची वीज मात्र अनेक भागांत वर्षानुवर्षे पाळीने आली, आणि रात्रीच्या पाळीत ती मध्यरात्री आली. कडाक्याच्या थंडीत, विंचूकाट्याच्या भयात, बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणाऱ्या माणसाच्या तापमानाची नोंद तर कुठल्याच पेटीत होत नाही. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. ती किती फिडरांवर प्रत्यक्ष पोहोचली हे कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात जाऊन तपासावे. घोषणेवरून वीज मोजता येत नाही.

भरपाईचा हिशेब

कडाक्याची थंडी आणि हिमदव यांचा आपत्तींच्या यादीत समावेश केंद्राने २०१२ मध्ये केला. २०१५ मध्ये नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली. हे बदल झगडून मिळालेले आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखू नये. परंतु रोपवाटिकेच्या बाबतीत त्यांचा अर्थ काय होतो ते पाहावे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांत बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये आणि किमान २,००० रुपये मदत आहे. एका एकराच्या टोमॅटोची सहा-सात हजार रोपे एक-दीड गुंठ्यात मावतात. क्षेत्राच्या हिशेबाने एका गुंठ्याचे होतात १७० रुपये. किमान रकमेची अट लावली तरी हातात पडतात २,००० रुपये. गेलेले असते ते मात्र एका एकराच्या संकरित बियाण्याचे मोल, महिन्याभराचे कष्ट आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हंगामाची वेळ. पुन्हा बी टाकून रोपे तयार होईपर्यंत उन्हाळी टोमॅटोची लागवड महिनाभर पुढे जाते. फळधारणा ऐन उन्हाच्या तडाख्यात सापडते. आणि नारायणगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात माल पोहोचतो तेव्हा भावाची चढती कमान उतरलेली असू शकते. जमिनीच्या मोजमापात नुकसान गुंठ्याचे, संसाराच्या मोजमापात एकराचे.

विम्याचेही असेच आहे. फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा आहे आणि केळीसारख्या पिकाला त्यात कमी तापमान हा धोका धरलेला आहे. म्हणजे थंडी मोजून भरपाई देणे अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा नाही. इतर पिकांचा विमा पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर चालतो. वाफ्यावर कापणीचा प्रयोग होत नाही. सबब जे पीक शेतात पोहोचण्यापूर्वीच मेले ते या पद्धतीच्या दृष्टीने जन्मलेच नाही.

विकत घेतलेले रोप

गेल्या दोन-तीन दशकांत या शेतीत एक मोठा बदल झाला आहे. पूर्वी शेतकरी घरच्या वाफ्यावर रोप करीत असे व उरलेले शेजाऱ्याला देत असे. आता कोकोपीट भरलेल्या १०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये वाढविलेले रोप व्यावसायिक रोपवाटिकेतून नगावर विकत घेतले जाते. याचे फायदे निःसंशय आहेत. मुळे तुटत नाहीत, रोपे एकसारखी मिळतात, आच्छादित जागेत थंडीचा बंदोबस्त अधिक चांगला होतो. तंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो जोखमीच्या वाटणीचा. आगाऊ रक्कम शेतकरी देतो. रोपवाटिकेतून गाडीत चढताना रोप टवटवीत असते. ते काटक केलेले आहे की ऊब आणि नत्र देऊन घाईने वाढविलेले, हे त्याला डोळ्यांनी ओळखता येत नाही. आणि शेतात दुसऱ्या रात्री ते मेले तर दोष थंडीचा, किंवा शेतकऱ्याचा.

कायदा याबाबत सर्वस्वी मुका आहे असेही नाही. १९६६ च्या बियाणे कायद्याने 'बियाणे' या शब्दाच्या व्याख्येतच अन्नपिकांच्या रोपांचा समावेश केला आहे. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. मात्र भाजीपाल्याचे रोप हातात येते ते बहुधा कोऱ्या चिठ्ठीवर: ना वाणाची खात्रीलायक नोंद, ना बियाण्याचा गट क्रमांक, ना रोपाचे वय. बियाण्याच्या पाकिटावर उगवणीचा टक्का छापलेला असतो. प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटोला किमान ७० टक्के आणि मिरचीला ६० टक्के हे मानक आहे. पण ही परीक्षा प्रयोगशाळेत वीस ते तीस अंशांच्या नियंत्रित उबेत होते. जानेवारीच्या मातीत तेच बी उगवले नाही तर कंपनी आपल्या चाचणीचा कागद दाखविते, आणि तो कागद खोटाही नसतो. त्या कागदाने थंडीचा प्रश्न विचारलेलाच नसतो.

या साखळीच्या टोकाला ज्या स्त्रिया आहेत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. ट्रे भरणे, बी टोचणे, विरळणी, कांद्याची लागवड ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात, रोजाने किंवा उक्ते. लागवड पंधरा दिवस लांबली तर शेतकऱ्याचे नुकसान निदान बोलले तरी जाते. त्या पंधरा दिवसांचा बुडालेला रोज कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

राज्य सरकारने २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने भाजीपाला रोपवाटिका योजना आणली. तीत निम्मे अनुदान, आणि महिला कृषी पदवीधर व महिला गट यांना प्राधान्य ठेवले. हेतू चांगला आहे. पण अर्जदाराच्या मालकीची किमान ०.४० हेक्टर जमीन असावी, ही अटही तीत आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीच्या खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावरील खाती १४ टक्क्यांच्या आसपास होती. ज्यांच्या हाताला या कामाचे खरे कौशल्य आहे त्या शेतमजूर स्त्रिया सातबाऱ्यावर नाहीत. प्राधान्य स्त्रियांना आणि अट जमिनीची, असे म्हटल्यावर योजनेचा लाभ कोणत्या घरात जाईल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

काय मागावे, काय करावे

या सर्व विवेचनातून काही निश्चित मागण्या निघतात. पहिली, गावपातळीवर सहकारी रोपवाटिका. ऊसउत्पादकांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने साखर कारखाना उभा केला. तेथून सहकाराची जी वाट निघाली ती पुढे कुठे भरकटली हा वेगळा विषय आहे. परंतु एकेकट्याला न पेलणारी यंत्रणा अनेकांनी मिळून उभारता येते, हे त्या अनुभवाने सिद्ध केले. दहा गुंठ्यांची आच्छादित रोपवाटिका कारखान्याच्या मानाने क्षुल्लक आहे. ग्रामपंचायतीने किंवा विविध कार्यकारी सोसायटीने जागा भाडेपट्ट्याने द्यावी, शेतमजूर स्त्रियांच्या गटाने ती चालवावी, आणि जमीनमालकीची अट अशा गटांसाठी रद्द व्हावी.

दुसरी मागणी पंचनाम्याची. रोपवाटिकेचे नुकसान वाफ्याच्या क्षेत्रावर न मोजता, त्या रोपांवर जेवढे लागवडक्षेत्र अवलंबून होते त्यावर मोजावे. रोपांची संख्या, बियाण्याची पावती आणि नेहमीचे लागवडीचे अंतर एवढ्यावरून हे गणित कोणीही करू शकतो. तिसरी, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपासोबत वाण, गट क्रमांक, पेरणीची तारीख आणि काटक करण्याचे दिवस नोंदविलेली पावती सक्तीची करावी. १९६६ च्या कायद्यातील व्याख्या त्यासाठी भक्कम आधार आहे. चौथी, मंडळ केंद्रांवर भूपृष्ठालगतच्या किमान तापमानाची नोंद सुरू करावी आणि तालुकावार सल्ला देणारी माणसे पुन्हा नेमावीत. पाचवी, कृषी विद्यापीठांनी थंडी सोसणारे वाण आणि खुंट यांवरचे काम सार्वजनिक पैशातून व सार्वजनिक मालकीत करावे. अँडीज पर्वतातील टोमॅटोच्या रानटी जाती पुष्कळ उंचीवरची थंडी सोसतात. जपान-कोरियात काकडीचे कलम थंडी सोसणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर करतात. हे ज्ञान कोणा एका कंपनीच्या पाकिटात बंद होण्याआधी राहुरी, परभणी, अकोला आणि दापोलीच्या प्रक्षेत्रांवर उतरले पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, पैसा कुठून आणायचा. त्याचे उत्तर असे की बांबूच्या कमानी आणि कापडाचे आच्छादन यांना लागणारा खर्च, नुकसान झाल्यावर वाटल्या जाणाऱ्या मदतीच्या तुलनेत फारच थोडा आहे. आणि बचाव हा भरपाईपेक्षा नेहमीच स्वस्त असतो. दुसरा आक्षेप प्लास्टिकच्या कचऱ्याचा. तो रास्त आहे, आणि त्याचेही उत्तर सामुदायिक व्यवस्थेतच आहे. एकेकट्याच्या बांधावर फाटून उडणारा कागद सहकारी रोपवाटिकेत जपून, घडी घालून पुन्हा वापरता येतो व शेवटी एका ठिकाणी गोळा करता येतो. जेथे पेंढा आणि गोणपाटाने भागते तेथे प्लास्टिकचा हट्टही नको.

मागण्या मंजूर होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर प्रत्येक तालुक्यात निदान एका गावी, लहान शेतकरी आणि शेतमजूर स्त्रिया यांना एकत्र बोलावून, एक साधा किमान तापमापी वाफ्याच्या पातळीवर बसवावा आणि रोज सकाळी त्याचा आकडा वहीत टिपावा. शेजारी दोन वाफे ठेवावेत, एक झाकलेला आणि एक उघडा, व किती रोपे जगली याची मोजणी पंधरा दिवसांनी सर्वांसमोर करावी. मेलेल्या रोपांची संख्या, बियाण्याच्या पावत्या आणि लांबलेल्या लागवडीचे दिवस त्याच वहीत यावेत. बुडालेल्या रोजांचीही नोंद त्याच पानावर व्हावी. फेब्रुवारीत ती वही घेऊन तहसील कचेरीत जाणाऱ्या शिष्टमंडळाला 'नुकसान झाले याला पुरावा काय' असा प्रश्न विचारणे अधिकाऱ्यांना सोपे जाणार नाही. चळवळीचे बळ मोर्चातील संख्येवर असते तसेच अशा वह्यांतील आकड्यांवरही असते, आणि यंदाच्या थंडीला अजून अवधी आहे.